सहा कुंड्या शास्त्रोक्त, एक अशीच

६ एप्रिल १९३३, गुरुवार. दुपार.

आजच्या बोटीनं मुंबईहून आलं ते असं:

अनंताची रोपं सहा, दर तीन आणे. १ रु. २ आ.
सातवं रोप दुकानदारानं वर दिलं. मरतुकडं आहे. फुकट.
लिटमसच्या निळ्या कागदांचं पुस्तक एक, पट्ट्या वीस. ४ आ.
बोटीचं भाडं. ८ आ.
बंदरावरून घरापर्यंत तुकाराम हमाल. दीड आणा. (दोन मागत होता. झाडं जड नसतात हे त्याला समजावून दिलं.)
कुंभाराकडच्या कुंड्या सहा, दर एक आणा. ६ आ.
एकूण २ रु. ५ आ. ६ पै.

खर्च मोठा आहे. पण तो झाडांवर नाही, नलूवर आहे, म्हणून मन शांत आहे.

नलू तेराची झाली. मराठी सहावीत श्रीवर्धनात पहिली आली. तिला पुण्याला मुलींच्या हायस्कुलात पाठवावं, वसतिगृहात ठेवावं, असं मला वाटतं. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, आईला विचार. सासूबाईंना विचारलं. त्या अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू मॅट्रिक झालीस, त्याचा या घराला काय उपयोग झाला तो मला एकदा दाखव. मग नलूचं बघू."

पंधरा वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी हिशेब ठेवते, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, हिशेब वाणीही ठेवतो.

देवाला घरच्या झाडाचा अनंत वाहावा अशी सासूबाईंची फार दिवसांची इच्छा आहे. रोज गुरवाकडून मागून आणावा लागतो. तेव्हा मी सांगून टाकलं की पंधरा मेच्या आत घरचा अनंत देवाच्या पायाशी पडेल, आणि तो मॅट्रिकच्या शास्त्रानं वाढवलेला असेल. सासूबाई बरं म्हणाल्या.

इकडे नलूला तळे गावाहून स्थळ आलेलं आहे. चांगली भातशेती आहे, मुलगा मुंबईत गिरणीच्या हपिसात आहे. त्यांना मेअखेर होय की नाही कळवायचं आहे. बोट पावसाळ्यापुरती पंचवीस मेला बंद होते. एकूण सगळं त्याच सुमारास आहे. दीड महिना आहे. दीड महिन्यात मी युक्लिडचं पहिलं पुस्तक केलं होतं.

७ एप्रिल, शुक्रवार. पहाट.

टाइमटेबल केलं. सकाळी सहा वाजता स्नान करून, सोवळ्यानं, प्रत्येक कुंडीस दोन तांबे पाणी. दुपारी बारा वाजता दोन तांबे, कारण तेव्हा ऊन असतं आणि तहान तेव्हाच लागते. संध्याकाळी दिवेलागणीला दोन तांबे. कुंड्यांना माझ्याखेरीज कुणी शिवायचं नाही. फुलं देवाची आहेत.

टाइमटेबल कुंड्यांमागच्या भिंतीवर लावलं. सासूबाईंनी विचारलं की झाडांना वाचता येतं का.

अशा गोष्टींना मी उत्तर देत नाही. लिहून ठेवते फक्त.

सातवं रोप टाकून देणार होते. सासूबाईंनी मागून घेतलं. मागच्या दारी, कढीलिंबाच्या शेजारी, रॉकेलच्या फुटक्या डब्यात लावलं. त्याला टाइमटेबल नाही.

९ एप्रिल, रविवार.

मोठी गळती सापडली. कुंभारानं प्रत्येक कुंडीच्या बुडाला भोक ठेवलंय. घातलेलं निम्मं पाणी खालून निघून जातं. कुंडीचे पैसे घेतो आणि वर भोक देतो. आमच्या विहिरीचं पाणी खोल गेलंय, एकेका तांब्याला खांदा दुखतो. सहाही भोकांत जुन्या लुगड्याच्या चिंधीचे बोळे घट्ट बसवले. आता थेंब वाया जात नाही. माती दिवसभर चकचकीत ओली असते. बघून समाधान वाटतं.

आश्चर्य आहे की हे अजून कुणाला सुचलं नाही.

११ एप्रिल, मंगळवार.

धाकट्या जाऊबाईंचं, कोकिळाचं, गिरगावातून कार्ड आलं. रोपं तिनंच पाठवली. लिहिते की जाऊबाई, अनंताला आंबट माती मानवते असं रोपवाला म्हणाला, आणि फार पाणी घालू नका.

कोकिळा इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेली आहे. मनानं चांगली आहे. पण आंबट माती कुणाला मानवेल? माणसाला आंबट ढेकर आले की आपण चिमूटभर सोडा देतो. मातीला आंबट झालं तर तिला बरं कसं वाटेल? रोपवाल्यानं रोपं विकायची, सल्ला देऊ नये.

कार्डाची मागची बाजू कोरी होती. धोब्याचा हिशेब तीवर केला.

१४ एप्रिल, शुक्रवार.

आमचा गडी दादू म्हसळ्याकडून रातांब्याच्या चार पाट्या घेऊन आला. आमसुलांना सुरुवात केली. फोडून बिया काढायच्या, सालं त्याच्याच रसात मीठ घालून बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात. अशी सात पुटं. मुंबईला कोकिळाकडे दहा शेर, पुण्याला मावशीकडे पाच. हात कोपरापर्यंत तांबडे झालेत, ते आता मेअखेरपर्यंत तसेच. राखेनं घासले तरी जात नाहीत. पूर्वी मी त्याची लाज बाळगायची. आता नाही. काम दिसलं पाहिजे.

कुंडी नंबर दोनचं एक पान पिवळं आहे. जुनं असावं.

१५ एप्रिल, शनिवार.

सहाही कुंड्यांत पिवळी पानं. आता शास्त्राची वेळ आली.

ॲसिड असलं की निळा लिटमस तांबडा होतो. अल्कली असलं की तांबडा पुन्हा निळा होतो. हे मला अजून झोपेतसुद्धा म्हणता येतं. पट्ट्या वीसच आहेत, म्हणून प्रत्येकीचे चार तुकडे केले. ऐंशी झाले. एकेक तुकडा नखाएवढा आहे, पण लिटमस लहान झाला म्हणून खोटं बोलत नाही.

आमसुलांतून उठून लगेच बघितलं. तुकडा चिमटीत धरून ओल्या मातीवर दाबला. तांबडा. लालभडक. दुसरी कुंडी. तांबडा. सहाही कुंड्या तांबड्या.

निदान झालं. मातीला ॲसिडिटी आहे. वापरलेले तुकडे टाकले नाहीत, कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवले.

हे म्हणाले की बरं झालं कळलं. हे नेहमीच असं म्हणतात, पण आज त्यात कौतुक होतं.

१६ एप्रिल, रविवार.

प्रत्येक कुंडीत चुलीतली राख एकेक ओंजळ. राख अल्कली असते. धडा अकरावा, मला वाटतं.

ह्यांनी कचेरीतून शेतकीचं एक पत्रक आणलं. त्यात पी. एच. नावाचा आकडा आहे. सात म्हणजे समतोल, खाली गेलं की आंबट. आमच्या वेळी मॅट्रिकला हा आकडा नव्हता. नंतर निघाला असावा. आम्ही आकड्याशिवाय पास होत होतो.

१८ एप्रिल, मंगळवार. दुपारी, रातांब्यांच्या मधेच.

पुन्हा तपासलं. अजून तांबडा. राख पुरली नाही म्हणून आणखी दोन ओंजळी घातल्या.

मग मनात आलं की दोष मातीतच आहे कशावरून? विहिरीचं पाणी तपासलं. तांबडा. म्हणजे विहीरही ॲसिड. तांदळाचं धुवण तपासलं. तांबडा. शेवटी राख तपासली. तीही तांबडी निघाली. राख ॲसिड असल्याचं कुठल्याही पुस्तकात नाही. लाकडं कुठली होती कोण जाणे. दादूला विचारलं पाहिजे.

देवाचं तीर्थ तपासलं नाही. देवाची परीक्षा बघू नये.

(तपासलं. ॲसिड.)

आमच्या घरातलं सगळंच मुळात आंबट आहे असा निष्कर्ष निघतो. पंधरा वर्षांचे काही प्रसंग आठवून बघता पटतो.

२२ एप्रिल, शनिवार.

आता चुना. शिंपल्यांचा, भट्टीचा, ताजा. घरात पानाला आणलेला होता त्यातला अर्धा घेतला. प्रत्येक कुंडीत दोन चमचे, पाण्यात कालवून.

बायजा अंगण झाडत होती. झाडू थांबवून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, चुना झाला. आता कात नि सुपारी बी घाला, म्हंजे झाडांचा विडा पुरा व्हईल."

सासूबाई आतून हसल्या. मी बायजाला ॲसिड आणि अल्कली समजावून सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "व्हय, पन झाडं पिवली हाईत."

निरीक्षण बरोबर आहे, पण कारण तिला कळलेलं नाही.

२७ एप्रिल, गुरुवार. अक्षय्य तृतीया.

आज पहिलं फूल यायचं होतं. नंबर तीनला कळी होती, हे मी आधी लिहिलं नव्हतं, कारण दृष्ट लागते. आज सकाळी सोवळ्यानं गेले तर कळी मातीवर पडलेली. उचलून देवाला वाहिली. कळी हेही भावी फूलच आहे. सासूबाईंना दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन उलटी केली, वास घेतला आणि परत दिली.

नलूनं विचारलं की आई, चुना घातल्यावर पिवळेपणा वाढला की कमी झाला? मी सांगितलं की औषध लागू पडताना आधी रोग उसळतो. ती म्हणाली की मग पानं मोजून ठेवू का रोज? ठेव म्हटलं. मुलींना काहीतरी उद्योग असावा.

३० एप्रिल, रविवार.

मागच्या दारी गेले तर सासूबाई ताकाच्या भांड्याचं धुवण आपल्या डब्यात ओतत होत्या. खाली रातांब्याच्या टाकून दिलेल्या बिया आणि गर पडलेला, चहाचा चोथा पडलेला. कढीलिंबाला करतात तसंच, सगळं एकाच हातानं. मी म्हटलं, अहो, ताक आंबट असतं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे गो. रोज मीच घुसळते."

पाणी केव्हा घालता असं विचारलं, तर मातीत बोट घालून दाखवलं. कोरडं लागलं तर घालायचं. तास नाही, वेळ नाही, माप नाही. डब्याला बुडाशी गंजून चार भोकं पडलेली आहेत, पाणी सरळ निघून जातं.

त्यांच्या मातीचा लिटमस घेतला. तांबडा. साहजिक आहे.

त्या डब्यातल्या रोपाला चार नवी पानं आहेत. हिरवी आहेत. पण फुटक्या डब्यातली, शिस्तीशिवाय आलेली.

५ मे, शुक्रवार.

तळ्याहून पत्र. मंडळी वीस तारखेनंतर मुलगी बघायला येऊ म्हणतात. ह्यांनी पत्र वाचून दाखवलं. सासूबाई चांगली माणसं आहेत म्हणाल्या. आहेतच. माझंही तेच म्हणणं आहे. चांगल्या माणसांना चार वर्षं थांबता येत नाही, एवढंच.

नलू जेवताना भात ताटात चिवडत बसली. मग हात धुवायला उठताना मला हळूच म्हणाली, "आई, अनंत नाही आला तर?"

मी म्हटलं, येणार. शास्त्र आहे.

तिनं पानांची वही दाखवली. एकूण पानं एकशेबेचाळीस होती, आता एकोणऐंशी आहेत. अक्षर सुंदर आहे तिचं. आकड्यांकडे मी लक्ष दिलं नाही.

नंबर पाच गेला. त्याचा चुना थोडा कमी पडला असावा. उरलेल्या पाचांना आणखी एकेक चमचा.

शास्त्राच्या पेपरात मला शंभरात एकेचाळीस होते. हे या वहीशिवाय कुणाला ठाऊक नाही. पेपर कडक होता. बाजूची मुलगी नापास झाली.

९ मे, मंगळवार.

मोठा शोध. मी नलूकडून एक प्रयोग करवून घेतला. तो असा.

दुपारी आमसुलांना सहावं पूट चालू होतं. मी लिटमसचे शेवटचे तुकडे घेऊन उठले, तेव्हा नलू म्हणाली, "आई, तू कागद धरू नकोस. नुसती बस."

मी बसले. आई म्हणून बसले.

तिनं चुलीतला चिमटा घासून पुसून आणला. करंड्यातला जुना, वापरलेला, तांबडा तुकडा चिमट्यात धरला आणि नंबर एकच्या मातीवर ठेवला. आम्ही तिघी बघत होतो, कारण सासूबाईही खांबाला टेकून उभ्या होत्या. तुकडा निळा झाला. हळूहळू नाही, झपकन. शाईसारखा.

मग नलू म्हणाली की आता हा कोरा निळा तुकडा नुसता हातात धर. मातीला लावू नको. धरला. तांबडा झाला.

मी हात पदराखाली घेतले.

सासूबाईंनी नलूला विचारलं की हे काय झालं ते मला सांग. नलूनं चार वाक्यांत सांगितलं. आईच्या बोटांना रातांब्याचा आंबट रस आहे, कागद एवढासा आहे, म्हणून तो बोटानंच तांबडा व्हायचा, मातीनं नाही. माती आंबट नव्हतीच, आपण तिला उगीच चुना पाजला. सासूबाईंना पहिल्या झटक्यात कळलं. मी समजावलं असतं तर जास्त सविस्तर कळलं असतं.

तात्पर्य: प्रयोगाची कल्पना उत्तम होती, हात तेवढे चुकीचे होते. हात हे शास्त्रात मोडत नाहीत.

आणि कोकिळाचा रोपवाला बरोबर होता. हे मी तिला कळवणार नाही.

१० मे, बुधवार. सकाळी सात.

रोग कळला की औषध सोपं. माती अल्कली आहे, तिला ॲसिड हवं, आणि ॲसिड घरात बरण्या भरून आहे. विकत काही आणायचं नाही. आमसुलांचा उरलेला रस, मिठाचा, दाट, प्रत्येक कुंडीला दोन तांबे. हा विचार मला पाट्यांशेजारी बसल्या बसल्या आला आणि डोळ्यांत पाणी आलं.

नलू म्हणाली की आई, त्यात मीठ आहे. थोडं ताकाचं पाणी घालून बघूया का आधी, एकाच कुंडीला? मी म्हटलं, आता एक एक कुंडी करत बसायला वेळ नाही, पंधरा तारीख तोंडावर आली आहे. आणि समुद्राकाठची झाडं, मिठाला काय घाबरतात.

दुपार.

रस घातल्याबरोबर माती फसफसली. तांबडा फेस आला. चुना आणि ॲसिडची रासायनिक क्रिया डोळ्यांसमोर. मॅट्रिकला ही क्रिया आमच्या बाईंनी फळ्यावर काढून दाखवली होती, प्रत्यक्ष दाखवायला शाळेत सामान नव्हतं. इथं माझ्या पडवीत पाच ठिकाणी झाली. बायजाला मुद्दाम बोलावून दाखवली. ती लांब उभी राहून म्हणाली, "ही माती रागावली वाटतं."

मी फार आनंदात आहे. हे जेवायला आले तेव्हा त्यांनाही फेस दाखवला. हे म्हणाले, छान.

११ मे, गुरुवार.

पानं मलूल. क्रिया आत चालू असणार.

१२ मे, शुक्रवार. संध्याकाळ.

पाचही गेले. पानं काळी पडून देठाशी लोंबली. नंबर एक सहज ओढून बघितला तर मुळांसकट हातात आला. मुळं कुजलेली, वास सहन होत नव्हता. बुडाशी चिंधीचा बोळा तसाच घट्ट होता. बोळा चांगला बसला होता, हे मान्य करावं लागेल.

सगळ्या कुंड्या रिकाम्या करून परसात पालथ्या घातल्या. नलूनं न सांगता मदत केली. वही आणली आणि शेवटच्या ओळीत पानांच्या रकान्यात शून्य लिहिलं, तारखेसह.

आता लिहायला हरकत नाही. पंधरा वर्षं मी या घरात काही चुकलं की मनात म्हणत आले की मी मॅट्रिक आहे. आज ते मनात आलं आणि लगेच दुसऱ्या कुणीतरी म्हटल्यासारखं वाटलं. देवापुढे बसले. माफी मागितली. झाडांसाठी नाही, पोरीला येणार येणार म्हणून सांगितलं त्यासाठी.

१५ मे, सोमवार.

आज ठरलेला दिवस.

पहाटे सासूबाई मागच्या दारातून आल्या. हातात अनंत, पूर्ण उमललेला, पांढराशुभ्र, देठाला दोन पानं. घरभर वास. देवघराच्या उंबऱ्याशी येऊन त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि तूच वाहा म्हणाल्या.

मी म्हटलं, झाड तुमचं. त्या म्हणाल्या, देव काय झाड विचारतो?

वाहिला. ओठांवर स्तोत्र होतं, डोक्यात तळ्याची मंडळी होती. सासूबाईंनी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. त्याला उत्तर तयार ठेवलं होतं, चार दिवस पाठ करत होते.

डब्यावर आणखी तीन कळ्या आहेत.

१६ मे, मंगळवार.

घर अगदी शांत. आमसुलं वाळली, बरण्या भरल्या. हात निवळत चालले आहेत.

नलूची ट्रंक माळ्यावरून काढून ठेवली होती मी, गेल्या महिन्यात, कुणाला न सांगता. आज पुन्हा वर चढवायला दादूला सांगितलं. दादूनं विचारलं की का हो वैनी? मी म्हटलं, झुरळं होतात.

नलूनं ऐकलं. ती परसात गेली आणि आजीच्या डब्याशी बसली. कळ्या मोजत असावी.

१८ मे, गुरुवार.

दुपारची जेवणं झाली. हे कचेरीत जायला निघाले तर सासूबाईंनी थांबवलं. म्हणाल्या, तळ्याला आज पत्र टाक. मी ताक झाकत होते, हात थांबले. सासूबाई म्हणाल्या की लिही, मुलगी अजून लहान आहे, चार वर्षांनी विचारा.

ह्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "मी बघितलं सगळं. तुझं शिक्षण अर्ध्यावर राहिलंय, म्हणून एवढी झाडं गेली. अर्धं शिकलेलं माणूस एका घराला एक पुरे. नलीला अर्ध्यावर ठेवायची नाही. हिला पुरती शिकव, जेवढं असेल तेवढं सगळं."

मी म्हटलं की मॅट्रिक म्हणजे अर्धं नव्हे. त्या म्हणाल्या, "मग चिमटा तुला का नाही सुचला?"

हे हसले. लग्नानंतर ह्यांना एवढं मोठ्यानं हसताना मी ऐकलं नव्हतं.

तर नलू जाणार. माझ्या मॅट्रिकचा उपयोग दाखवून मी तिला पाठवणार होते. उपयोग झाला. दाखवायचं होतं त्याच्या नेमका उलटा. हिशेबात जमेचं खर्चाला पडलं तरी शेवटची बेरीज बरोबर आली, तर अशा वेळी काय करतात ते आम्हाला शिकवलं नव्हतं.

नलू दादूला हाक मारत माळ्याखाली धावली.

उद्याच्या बोटीनं शाळेला पत्र गेलं पाहिजे. सासूबाईंनी बसून सांगितलं, मी लिहून घेतलं. कागद वाया जायला नको म्हणून कच्चं इथंच उतरवते, ह्यांच्याकडून चांगल्या कागदावर करून घ्यायचं. एका वाक्याला मी हरकत घेतली होती. सासूबाई म्हणाल्या की पत्र माझं आहे.

"श्रीवर्धन, ता. १८ मे १९३३.
सुपरिंटेंडेंटबाई यांस, कृ. सा. न. वि. वि.
आमची नात चि. नलिनी, वय तेरा, मराठी सहावी पहिल्या नंबरानं पास. प्रकृती चांगली. विचारून करते, आणि केल्यावर मोजते. तिला आपल्या शाळेत व वसतिगृहात घालण्याचं आम्ही ठरवलं आहे. जेवणात सगळं खाते. फी काय ती कळवावी, आगाऊ पाठवू. मुलीची आई मॅट्रिक झालेली आहे ही गोष्ट आम्ही आपणापासून लपवून ठेवीत नाही, परंतु मुलगी त्यातून सुखरूप बाहेर पडलेली आहे, तरी तेवढ्या कारणानं आपण तिला जागा नाकारू नये. आमच्याकडची बोट पंचवीस तारखेला बंद होते. तरी जागा आहे किंवा नाही, ते कृपा करून उलट टपाली कळवावे."